तक्रारीचा दरवाजा मठाबाहेर हवा

अफजलपूर तालुक्यातले करजगी हे कलबुर्गी जिल्ह्याचे, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. या पट्ट्यातला माणूस कानडीत बाजार करतो आणि मराठीत ओवी म्हणतो. गाणगापूरचे दत्तस्थान त्याच्याच तालुक्यात आहे, अक्कलकोटचे स्वामी सीमेपलीकडे. कलबुर्गीत शरणबसवेश्वरांचे देऊळ आणि ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा, बिदरकडे बसवकल्याण, गुरुद्वारा आणि चर्च. इथे श्रद्धा सणावारापुरती नसते. मुलाला शाळेत घालायचे, मुलीला वसतिगृहात ठेवायचे, घरातले भांडण मिटवायचे, आजाऱ्याला उतारा मागायचा, या सगळ्यासाठी पाय मठाकडे, आश्रमाकडे, चर्चकडे किंवा दर्ग्याकडे वळतात. दुष्काळी मुलखात सरकार पोहोचण्याआधी अनेक ठिकाणी मठच पोहोचला, त्याने अन्न दिले आणि अक्षर दिले. हे ऋण खरे आहे आणि ते मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा. ज्याच्या हातून अन्न, अक्षर आणि आशीर्वाद मिळतो त्यानेच एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या शरीराला हात घातला, तर त्या लेकराने कोणाला सांगायचे? या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की धर्मगुरूविरुद्धची तक्रार त्याच्याच संस्थेत ऐकली जाऊ शकत नाही. तिचा दरवाजा संस्थेच्या बाहेर असला पाहिजे. आणि हा दरवाजा गेल्या काही दशकांत जितका उघडला आहे तितका तो प्रामुख्याने बोलणाऱ्या पीडितांनीच ढकलून उघडला आहे.

लैंगिक अत्याचार धर्मसंस्थेतच होतात असे नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला होता. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितलेली नव्हती. घर, शाळा, शेजार हीच या गुन्ह्याची नेहमीची ठिकाणे आहेत. तरीही धर्मगुरूकडून होणाऱ्या अत्याचाराचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तिथे मूल एकाच वेळी तीन बाजूंनी बांधलेले असते. पहिली बाजू पोटाची. निवास, जेवण, फी, पुढचे शिक्षण संस्थेच्या हाती असते. दुसरी बाजू घराची. आईवडील स्वतः त्या गुरूचे शिष्य असतात, त्याच्या पाया पडतात, त्यामुळे मुलाने तोंड उघडले तर आधी त्यालाच दटावले जाते. तिसरी बाजू सगळ्यात खोल आहे. पाप काय आणि पुण्य काय, हे सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तोच गुन्हा करत असतो. शिक्षकाने अत्याचार केला तर मुलाला निदान देवाचा धावा करता येतो. गुरूने केला तर तोही आधार जातो. गप्प राहणे हा म्हणून त्या मुलाचा दुबळेपणा मानता येणार नाही, ती त्या व्यवस्थेची निर्मिती असते.

या पट्ट्यातल्या वाचकाला ठाऊक असलेले प्रकरण चित्रदुर्गच्या मुरुघा मठाचे. हा मठ कर्नाटकातल्या सर्वांत वजनदार लिंगायत मठांपैकी एक. सर्व पक्षांचे नेते तिथे दर्शनाला जात, मठाच्या शिक्षणसंस्था आणि वसतिगृहे मोठी. 2022 च्या ऑगस्टमध्ये या मठाच्या वसतिगृहातल्या दोन अल्पवयीन मुलींनी मठाचे प्रमुख शिवमूर्ती मुरुघा शरण यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. मुली चित्रदुर्गच्या पोलिसांकडे गेल्या नाहीत. त्या दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या म्हैसूरला, ओडनाडी या स्वयंसेवी संस्थेकडे पोहोचल्या, आणि 26 ऑगस्टला तक्रार नोंदली गेली ती म्हैसूरच्या पोलीस ठाण्यात. नंतर ती चित्रदुर्गकडे वर्ग झाली आणि 1 सप्टेंबरच्या रात्री स्वामींना अटक झाली. एवढे अंतर कापावे लागले यातच परिस्थितीचे वर्णन आले. ज्या गावात आरोपी हाच सर्वांत मोठा माणूस असतो तिथे तक्रार लिहून घेणारा हवालदारही त्याचा भक्त असू शकतो, पत्रकारही आणि डॉक्टरही. मुलींचे म्हणणे कागदावर आले ते केवळ मठाच्या प्रभावाच्या कक्षेबाहेर ऐकणारे कोणी होते म्हणून.

पुढचा इतिहास तितकाच महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने स्वामींना जामीन दिला. साक्षी नोंदवल्या जाईपर्यंत त्यांनी बाहेर राहू नये, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये त्यांना पुन्हा शरण जायला लावले. आणि 26 नोव्हेंबर 2025 रोजी चित्रदुर्गच्या सत्र न्यायालयाने या खटल्यात त्यांची निर्दोष मुक्तता केली. या निकालानंतर त्या प्रकरणात त्यांना गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि इथेही तसे म्हटलेले नाही. पण या निकालाचा अर्थ तक्रार व्हायलाच नको होती असा काढला जातो, तेव्हा मात्र थांबून विचार करायला हवा. तक्रार मठातच मिटवली गेली असती तर काय झाले असते? आरोप खरा असता तर मुलींना न्याय मिळाला नसता. आरोप खोटा असता तर स्वामींवरचा संशय कधीच पुसला गेला नसता. मठाच्या विश्वस्तांनी दिलेल्या निर्दोषत्वाच्या दाखल्याला भक्तांखेरीज कोणी किंमत दिली नसती. साक्षी तपासून, उलटतपासणी होऊन, लेखी कारणे देऊन दिलेला निकाल वेगळा असतो. त्याविरुद्ध अपील करता येते, त्याची चिकित्सा करता येते आणि म्हणूनच त्याला वजन असते. बाहेरचा दरवाजा तक्रारदाराइतकाच आरोपीच्याही हिताचा आहे, हे या प्रकरणातून दिसते.

असा दरवाजा पहिल्यांदा ठळकपणे उघडला तो मुंबईत. 1860 च्या ऑक्टोबरमध्ये करसनदास मुळजी या तरुण संपादकाने आपल्या 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. भाविकांच्या बायकामुलींचा उपभोग भक्तीच्या नावाखाली घेतला जातो, असे त्याचे उघड म्हणणे होते. जदुनाथजी महाराजांनी 1861 मध्ये त्यांच्यावर 50,000 रुपयांच्या नुकसानभरपाईचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल त्याला जातीबाहेर टाकू, असे भाटिया समाजातल्या पुढाऱ्यांनी ठरवले. साक्षीदारांना अडवण्याचा हा कट न्यायालयात सिद्ध होऊन त्या पुढाऱ्यांना दंड झाला. मूळ खटल्यात मराठी वाचकाच्या अभिमानाचा एक माणूस उभा राहिला, डॉ. भाऊ दाजी लाड. महाराजांवर आपण गुप्तरोगाचे उपचार केले आहेत, असे त्यांनी शपथेवर सांगितले. 22 एप्रिल 1862 रोजी निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. या खटल्यातून दोन गोष्टी समजतात. बहिष्काराचे हत्यार तेव्हाही होते आणि ते आरोपीवर उगारले न जाता बोलणाऱ्यावर उगारले जात होते. दुसरी गोष्ट अशी की तेव्हा आवाज उठवला तो संपादकाने, डॉक्टरने, व्यापाऱ्याने. ज्या स्त्रियांवर प्रसंग गुदरला त्यांना आपल्या तोंडाने बोलता येईल अशी जागा समाजाने तयारच केलेली नव्हती.

ती जागा तयार व्हायला पुढे जवळपास दीड शतक गेले. 2002 मध्ये हरियाणातल्या सिरसा येथील डेरा सच्चा सौदाच्या एका साध्वीने पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांना निनावी पत्र लिहिले. डेऱ्याचे प्रमुख गुरमीत राम रहीम साध्वींवर बलात्कार करतात, घरचे लोक अंधभक्त असल्याने कोणी ऐकत नाही, असा त्याचा आशय होता. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेऊन तपास सीबीआयकडे दिला. पत्राला आपल्या 'पूरा सच' या छोट्या दैनिकात जागा देणारे पत्रकार रामचंद्र छत्रपती यांच्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. खटला 15 वर्षे चालला. एवढ्या काळात अनेक साध्वींपैकी फक्त दोघी न्यायालयात टिकून राहिल्या. 25 ऑगस्ट 2017 रोजी पंचकुला येथील विशेष न्यायालयाने राम रहीमला दोषी ठरवले, त्यानंतरच्या हिंसाचारात तीसहून अधिक माणसे मेली आणि तीन दिवसांनी त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली. एका बाजूला लाखो अनुयायी, मतांसाठी दारी येणारे पुढारी आणि रस्त्यावर उतरणारा जमाव, दुसऱ्या बाजूला नाव गुप्त ठेवलेल्या दोन स्त्रिया. त्यांचे बोलणे टिकले याचे कारण ते डेऱ्याच्या भिंतीबाहेर नोंदले गेले होते आणि स्थानिक सत्तेच्या आवाक्याबाहेरची यंत्रणा ते तपासत होती.

आसाराम बापूच्या प्रकरणात हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरची सोळा वर्षांची मुलगी त्याच्या गुरुकुलात शिकत होती. वडील इतके निष्ठावान की त्यांनी गावात आश्रम उभारायला हातभार लावला होता. ऑगस्ट 2013 मध्ये जोधपूरजवळच्या आश्रमात तिच्यावर अत्याचार झाला आणि कुटुंबाने तक्रार दिली ती दिल्लीच्या कमला मार्केट पोलीस ठाण्यात, 20 ऑगस्टला. गुन्हा कुठेही घडला असला तरी तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठिकाणी पाठवायची, ही पद्धत पोलिसांच्या भाषेत शून्य क्रमांकाची एफआयआर. ती इथे कामी आली. त्यानंतर साक्षीदारांवर हल्ल्यांची मालिका सुरू झाली. अमृत प्रजापती, अखिल गुप्ता आणि कृपाल सिंह या तिघांचा गोळीबारात बळी गेला. महेंद्र चावला या साक्षीदारावरही पानिपतजवळ गोळ्या झाडल्या गेल्या, पण ते वाचले. एवढे होऊनही मुलगी आणि तिचे आईवडील मागे हटले नाहीत. 25 एप्रिल 2018 रोजी जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला जन्मठेप दिली, आणि जानेवारी 2023 मध्ये गांधीनगरच्या न्यायालयाने दुसऱ्या एका शिष्येच्या तक्रारीवरून पुन्हा जन्मठेप. चावला आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर डिसेंबर 2018 मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता मिळाली आणि ती देशभर लागू झाली. आज कुठल्याही गावातला साक्षीदार संरक्षण मागू शकतो, त्यामागे या लोकांनी मोजलेली किंमत आहे.

ख्रिस्ती धर्मपीठातही चित्र वेगळे नाही. केरळातल्या कोट्टियूरमध्ये एका पाद्रीच्या अत्याचारातून अल्पवयीन मुलीला मूल झाले. आधी दोष दुसऱ्याच्याच माथी मारण्याचा प्रयत्न झाला आणि खटल्यात दबावाखाली मुलगी व घरचे लोक साक्षीत फितूर झाले. तरीही डीएनए चाचणीने पितृत्व सिद्ध झाले आणि फेब्रुवारी 2019 मध्ये पाद्रीला शिक्षा झाली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षेची वर्षे कमी केली, पण दोष कायम राहिला. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरातल्या चर्चच्या पाद्रीला 2015 मध्ये एका मुलावर केलेल्या अत्याचाराबद्दल डिसेंबर 2021 मध्ये विशेष न्यायालयाने जन्मठेप दिली. जालंधरचे तत्कालीन बिशप फ्रँको मुलक्कल यांच्यावर एका ननने जून 2018 मध्ये पोलिसांत तक्रार केली. तिच्या पाच सहकारी नन कोचीत उघड धरणे धरून बसल्या. देशात असे दृश्य पूर्वी कोणी पाहिले नव्हते. सप्टेंबरमध्ये बिशपांना अटक झाली आणि जानेवारी 2022 मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. परदेशातली उदाहरणे याच दिशेला बोट दाखवतात. 2002 मध्ये 'बॉस्टन ग्लोब' दैनिकाने उघड केले की तक्रारी आलेल्या पाद्रींना तिथले आर्चबिशप पोलिसांकडे न देता एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये बदली करत राहिले. 2018 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीने तीनशेहून अधिक पाद्री आणि हजाराहून अधिक बळी मुलांची नोंद केली. बदलीमुळे संस्थेची अब्रू काही वर्षे झाकली गेली, पण प्रत्येक नव्या गावात नवी मुले त्याच माणसाच्या हाती सोपवली गेली.

आता या मांडणीवरचे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप नेहमीचा: इतकी वर्षे गप्प का होते? आताच कसे आठवले? याचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने दिले आहे. 2013 ते 2017 या काळात या आयोगाने आठ हजारांहून अधिक पीडितांचे खासगीत ऐकून घेतले. लहानपणी झालेला अत्याचार पहिल्यांदा कोणाला तरी सांगायला त्यांना सरासरी जवळपास 24 वर्षे लागली होती. उशीर हा अपवाद नाही, तो या गुन्ह्याचा नेहमीचा गुणधर्म आहे. मुलाला आपल्यावर काय झाले याचे नाव ठाऊक नसते, पुढे लाज आणि भीती बसते, आणि आईवडील हयात असेपर्यंत त्यांची श्रद्धा मोडायची नाही म्हणून अनेकजण गप्प राहतात. आपला कायदाही उशिराला गुन्हा मानत नाही. बालकांवरील गंभीर लैंगिक गुन्ह्यांत तक्रारीला कालमर्यादा नाही. 'आताच का' या प्रश्नाऐवजी 'तेव्हा का सांगता आले नाही' हा प्रश्न विचारला तर संस्थेच्या रचनेतले दोष दिसू लागतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गादीचे वाद असतात, जमिनी असतात, राजकारण असते, त्यात खोट्या तक्रारी घडवून आणता येतात. ही शक्यता नाकारू नये. मठांच्या वारसाहक्कावरून कोर्टकचेऱ्या होतात हे सर्वांना माहीत आहे. पण या शक्यतेवर उपाय तक्रार दाबणे हा नाही, ती नीट तपासणे हा आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा 2012 चा कायदा, म्हणजे पॉक्सो, द्वेषाने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षा देतो. मुलाला मात्र त्यातून वगळतो, कारण शिक्षेच्या भीतीने मूल बोलणेच टाळेल. निर्दोष सुटकेच्या प्रत्येक निकालाला खोटी तक्रार म्हणणेही चूक आहे. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. गुन्हा सिद्ध न होणे आणि तक्रारदार खोटे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या समाजाला हा फरक कळतो तोच आरोपीलाही न्याय देऊ शकतो आणि तक्रारदारालाही.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे: आमच्याच धर्मामागे का लागता? वर दिलेली यादीच त्याचे उत्तर आहे. तिच्यात वैष्णव महाराज आहेत, डेरा आहे, आश्रम आहे, चर्च आहे, लिंगायत मठावरचा आरोप आहे. मदरशांतल्या आणि बौद्ध विहारांतल्या अशा तक्रारीही देशोदेशी न्यायालयांपर्यंत गेल्या आहेत. हा रोग कोणत्याही ग्रंथातून आलेला नाही. प्रश्न न विचारता येणारी सत्ता आणि तिच्या छपराखाली राहणारी लेकरे जिथे एकत्र येतात तिथे तो शिरतो. प्रत्येक समाज दुसऱ्याच्या धर्मगुरूचा गुन्हा पटकन मानतो आणि आपल्या धर्मगुरूवरचा आरोप षड्‌यंत्र ठरवतो. ही सवय आरोपींच्या सर्वाधिक सोयीची आहे. खरे तर बसवण्णांच्या कल्याणमध्ये बाराव्या शतकात शरणांनी जन्माचे मोठेपण नाकारून आचरणाला महत्त्व दिले. पदामुळे माणूस पवित्र होत नाही, हे या मातीला नव्याने शिकवावे लागू नये.

चौथा आक्षेप संस्थेच्या पुण्याईचा: हजारो मुले तिथे शिकतात, एकाच्या चुकीपायी सगळे मोडायचे का? झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. पण मूठ झाकून ठेवण्याचा हिशेब अमेरिकेतल्या चर्चने मांडून दाखवला आहे. वेळीच पोलिसांकडे न गेलेल्या धर्मप्रांतांना पुढे भरपाईपोटी प्रचंड रकमा द्याव्या लागल्या, अनेकांनी न्यायालयात दिवाळखोरी जाहीर केली. पैशापेक्षा मोठे नुकसान विश्वासाचे झाले. याउलट संस्थेच्या प्रमुखाने पहिल्याच दिवशी तक्रार पोलिसांकडे दिली, आरोपीला मुलांपासून दूर केले आणि तपासाला कागदपत्रे दिली, तर संस्था मोडत नाही. पालकांना कळते की इथे लेकरू सुरक्षित आहे. शिवाय हा आता केवळ नीतीचा प्रश्न राहिलेला नाही. पॉक्सोच्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचे कळलेल्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा सेवेतल्या माणसाने तिथल्या मुलावर केलेला अत्याचार हा कायद्याने अधिक गंभीर प्रकार मानला आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा बलात्काराला किमान 20 वर्षांची शिक्षा आहे.

पाचवा आक्षेप प्रौढ स्त्रियांबाबत घेतला जातो: ती सज्ञान होती, स्वतःहून जात होती, मग अत्याचार कसला? भीती किंवा गैरसमजातून दिलेली संमती कायदा संमती मानत नाही, आणि विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने केलेल्या बलात्काराला भारतीय न्याय संहितेत वाढीव शिक्षा आहे. महाराष्ट्राने तर आणखी नेमके पाऊल टाकले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे लावून धरलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर 2013 मध्ये झाला. आपण अवतार आहोत, तू गेल्या जन्मी माझी पत्नी होतीस, असे भासवून शरीरसंबंध ठेवणे, किंवा दैवी शक्तीने मूल होईल असे सांगून स्त्रीचा गैरफायदा घेणे, हे या कायद्याने स्वतंत्रपणे गुन्हे ठरवले. कर्नाटकानेही 2017 मध्ये अमानुष प्रथांविरुद्ध असा कायदा केला. या भागात देवाला सोडलेल्या मुलींचा प्रश्न तर त्याहून जुना. कर्नाटकाने देवदासी प्रतिबंधक कायदा 1982 मध्येच केला होता. या सर्व कायद्यांचे सार एकच आहे: देवाचे नाव घेतल्याने शोषण पवित्र होत नाही.

करजगीसारख्या सीमेवरच्या गावात या कायद्यांचा प्रत्यक्ष उपयोग कसा करायचा, हे प्रत्येक पालकाला माहीत असावे. मठ किंवा आश्रम ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे तिथेच जावे लागते असे नाही. स्थानिक ठाण्याची भीती वाटली तर कलबुर्गीला जाता येते, राज्य ओलांडून अक्कलकोट किंवा सोलापूरलाही तक्रार देता येते, आणि ती नोंदवून पुढे पाठवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मुलाला कानडी नीट येत नसेल आणि जबाब कानडीत लिहिला जात असेल तर दुभाषा देण्याची तरतूद पॉक्सोमध्येच आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय. साक्षीच्या वेळी मूल आरोपीच्या नजरेसमोर येऊ नये याची काळजी न्यायालयाने घ्यायची असते. मुलाचे नाव, गाव, शाळा छापणे हा गुन्हा आहे. मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक आहेत, आणि मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. म्हैसूरला पोहोचायला त्या मुलींना जे अंतर कापावे लागले तेवढे अंतर पुढच्या मुलीला कापावे लागू नये, यासाठी ही माहिती वसतिगृहाच्या भिंतीवर कानडी, मराठी, उर्दू अशा मुलांच्या भाषांत लिहिलेली असावी.

संस्थांनी करायच्या गोष्टीही अवघड नाहीत. निवासी मुलांशी दर महिन्याला एकांतात बोलणारा माणूस संस्थेच्या पगारावर नसावा. वसतिगृहांची तपासणी बालकल्याण समितीने आणि शिक्षण खात्याने न कळवता करावी. कोणत्याही गुरूला, स्वामीला, फादरला, मौलवीला मुलासोबत बंद खोलीत एकटे राहण्याची मुभा नसावी, आणि हा नियम सर्वांत मोठ्या पदापासून लागू व्हावा. तक्रार आल्यावर आतली चौकशी पोलिसांच्या चौकशीच्या आधी सुरूच होऊ नये, कारण आतल्या चौकशीत आधी पुरावा नाहीसा होतो आणि मग साक्षीदार. ज्या संस्थेचा कारभार स्वच्छ आहे तिला यातल्या एकाही नियमाचा त्रास होणार नाही.

शेवटी प्रश्न भक्तांचा उरतो, कारण धर्मगुरूची सत्ता त्यांनीच दिलेली असते. करसनदासांच्या काळात बहिष्काराचा ठराव करणारे पुढारी, पंचकुलाच्या रस्त्यावर उतरलेला जमाव, तक्रार करणाऱ्या मुलीच्या घराकडे पाठ फिरवणारे शेजारी, हे सगळे सामान्य भाविकच होते. श्रद्धा सोडा असे त्यांना कोणी सांगत नाही. आरोपीला दोषी धरा असेही नाही, ते काम न्यायालयाचे आहे. मागणी एवढीच आहे की आपल्या गावातले एखादे मूल कोणाचेही नाव घेऊन बोलू लागले तर त्याला मध्येच थांबवू नका, त्याला पुन्हा त्याच छपराखाली पाठवू नका, आणि त्याच दिवशी 1098 ला फोन करा. गुरू निर्दोष असेल तर न्यायालय ते सांगेल. पण मुलाचे ऐकण्याची पहिली जबाबदारी न्यायालयाची नाही, ती त्याच्या जवळ असलेल्या मोठ्या माणसाची आहे, म्हणजे तुमची आणि आमची.